प्रति, प्रत आणि पडद्याआडची प्रत

आपल्या भागातल्या घरांत पत्रे दोन भाषांत येतात आणि दोन्ही भाषांत वाचली जातात. मराठी शाळेत अर्जलेखन शिकलेल्या माणसाने कागदाच्या डोक्यावर डाव्या हाताला ‘प्रति,’ लिहिले, की त्याखाली मुख्याध्यापक किंवा तहसीलदार आलेच. कन्नड शाळेत शिकलेला आधी ‘इंद’ लिहून स्वतःचा पत्ता देतो आणि मग ‘इवरिगे’ लिहून समोरच्याचा. ‘प्रति’ हा शब्द त्याच्याकडेही आहे; पण तो पत्राच्या तळाशी, नकला कोणाकोणाला धाडल्या ते सांगण्यापुरता. कन्नडात प्रति म्हणजे प्रत! तेव्हा मराठीत शिकलेल्या सासूबाई आणि कन्नडात शिकलेल्या सूनबाई एकच अर्ज वाचायला बसल्या, तर ज्याच्या नावे अर्ज आहे त्याला नुसती नक्कल गेली आहे, असे सूनबाईंना वाटायला हरकत नाही.

हा गमतीचा घोळ आठवण्याचे कारण ई-मेल. ई-मेल लिहायला घेतला की वर तीन खाने असतात (निदान असायला हवेत, तिसरा बहुधा लपलेला असतो). पहिला ‘टू’, म्हणजे आपले मराठी ‘प्रति’. दुसरा ‘सीसी’, म्हणजे कन्नड ‘प्रति’. तिसरा ‘बीसीसी’. या तिसऱ्याला आपण पडद्याआडची प्रत म्हणू या. ती ज्याला जाते त्याला पत्र मिळते, पण त्याचे नाव बाकी कोणालाच दिसत नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. नातेवाईक बेळगाव, धारवाड, गोवा, पुणे, बेंगळुरूपासून थेट दुबईपर्यंत पसरलेले. साठ-सत्तर जणांना ई-मेलने आमंत्रण द्यायचे आहे. मुलाने सांगितले, ‘आई, सगळ्यांना बीसीसीमध्ये घाल.’ पण तो खाना त्यांना सापडेना. पुढे त्यांनी हळूच आणखी एक गोष्ट लिहिली आहे. सासऱ्यांच्या दोन धाकट्या भावांत शेताच्या मोजणीवरून बोलणे बंद आहे. दोघांनाही बोलवायचे आहे. पण यादीत एकाला दुसऱ्याचे नाव दिसले तर दोघेही येणार नाहीत. ‘बीसीसीने हे साधेल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न एका खान्याचा दिसतो, पण मला त्यात दोन प्रश्न दिसतात आणि दोघांची उत्तरे एक नाहीत. आधी सोपा घेऊ.

बीसीसी ही अक्षरे संगणकाबरोबर आलेली नाहीत. ती टंकलेखन यंत्राच्या काळातली आहेत. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी. कार्बनचा कागद तर त्याहूनही जुना. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड नावाच्या गृहस्थांनी १८०६ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा टाइपरायटर बाजारातही आला नव्हता. ज्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन परीक्षा दिल्या आहेत त्यांना ते दृश्य आठवेल. वर जाड पांढरा कागद, खाली काळाभोर कार्बन, त्याखाली पातळ कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा पातळ कागद. बोटांना काळे, कधी पदराला काळे. शेवटच्या प्रतीवरची अक्षरे इतकी पुसट की साहेब ती उजेडाकडे धरून वाचत. मूळ कागद ज्याचा त्याला जाई, पातळ कागदांपैकी एक फाइलला लागे. मराठीत त्याला स्थळप्रत म्हणत, कन्नडात कचेरी प्रति.

पत्राच्या तळाशी सीसी लिहून नकला कोणाला गेल्या त्यांची नावे टंकली जात आणि ती मूळ कागदावरही उमटत. पण समजा साहेबांना एक नक्कल आणखी कोणाला द्यायची आहे आणि हे पत्र घेणाऱ्याला कळू द्यायचे नाही. तेव्हा टायपिस्ट मूळ कागद यंत्रातून काढून घेई, किंवा त्या जागी वरून एक चिठ्ठी सरकवी, आणि मग ‘बीसीसी’ असे लिहून ते नाव टंकी. ते फक्त खालच्या नकलांवर उमटे. मूळ कागद कोराच राही. पत्र घेणारा त्या नावाबाबत ‘आंधळा’, म्हणून ब्लाइंड. मला या युक्तीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती करायला टायपिस्टला हात थांबवून कागद काढावा लागे. म्हणजे ती कोणी घाईत, चुकून करत नसे.

ई-मेलचे नियम बसवणाऱ्यांनी हीच कार्बनची भाषा उचलली. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला जाळ्यावरचा निरोप धाडला आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ते अ‍ॅटचे चिन्ह बसवले. पुढे ऑगस्ट १९८२मध्ये पत्राची मांडणी कशी असावी याचा एक दस्तऐवज निघाला, तो डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिला. त्यात टू, सीसी आणि बीसीसी हे तिन्ही खाने आहेत. बीसीसीमधली नावे टू आणि सीसीवाल्यांच्या प्रतींत जाता कामा नयेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. बीसीसीतल्या माणसांना एकमेकांची नावे दिसावीत की नाहीत, हे मात्र कार्यक्रम बनवणाऱ्यावर सोडले होते. आज आपण घरात वापरतो त्या नेहमीच्या सोयींत ती एकमेकांना दिसत नाहीत.

आता हे आतून कसे घडते ते सांगतो, कारण ते कळले की पुढचे सगळे पाठ न करता लक्षात राहते. पोस्टाच्या पत्राला दोन अंगे असतात. पाकिटावरचा पत्ता आणि आत ‘तीर्थरूप काकांस’ हा मायना. पोस्टमन पाकीट वाचतो, मायना वाचत नाही. तुम्ही आतल्या कागदावर काकांचे नाव लिहून पाकिटावर मामांचा पत्ता घातलात, तर पत्र मामांकडेच जाणार. ई-मेललाही अशी दोन अंगे आहेत. तुम्ही ‘सेंड’ दाबता तेव्हा तुमचा कार्यक्रम टपाल वाहणाऱ्या संगणकाला आधी पाकिटावरचे सगळे पत्ते सांगतो. टूमधले, सीसीमधले, बीसीसीमधले, सगळे. मग तो आतला कागद हवाली करतो आणि त्या कागदावर फक्त टू आणि सीसी लिहिलेले असतात. बीसीसीची नावे पाकिटावर असतात, कागदावर नसतात. एवढीच ती जादू. कुलूप नाही की गुप्त लिपी नाही.

खाना कुठे लपलेला असतो? संगणकावर जीमेल उघडून ‘कंपोज’ दाबा. कोणाला पाठवायचे त्या ओळीत एकदा टिचकी मारली की उजव्या टोकाला बारीक अक्षरांत सीसी आणि बीसीसी दिसतात. बीसीसीवर टिचकी मारली की खाली नवी ओळ उघडते. कळफलकाची सवय असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. मोबाइलवर जीमेलच्या अ‍ॅपमध्ये टूच्या ओळीच्या उजवीकडे खाली तोंड केलेला एक बाण असतो, तो दाबायचा. आमच्या भगिनी बहुधा इथेच अडल्या असणार, कारण तो बाण नजरेत भरत नाही. आयफोनच्या मेलमध्ये टूखालच्या सीसी-बीसीसी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवले की ती पसरते. कचेरीत जुन्या वळणाचे आउटलुक असेल, तर नवे पत्र उघडून वरच्या ‘ऑप्शन्स’ या पट्टीत जा आणि तिथे बीसीसी दाबा. एकदा दाबले की पुढच्या पत्रांतही तो खाना दिसत राहतो. नव्या आउटलुकमध्ये आणि थंडरबर्डमध्ये तो टूच्या ओळीच्या उजव्या टोकालाच असतो. ज्यांनी पूर्वी आउटलुक एक्सप्रेस वापरले त्यांना ‘व्ह्यू’मधले ‘ऑल हेडर्स’ आठवेल. ते आता इतिहासजमा झाले.

टूमध्ये काय लिहायचे? स्वतःचाच पत्ता. टू रिकामा ठेवला तरी पत्र जाते; पण घेणाऱ्याला नावाच्या जागी ‘अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स’ असे काहीतरी परके दिसते आणि घरच्या आमंत्रणाला सरकारी नोटिशीची कळा येते. शिवाय एकाच वेळी पुष्कळ पडद्याआडच्या पत्त्यांवर गेलेल्या पत्राकडे टपाल चाळणारे संगणक संशयाने पाहतात. पत्र ‘स्पॅम’मध्ये पडले, तर काकू म्हणणार की आम्हाला बोलावलेच नाही. म्हणून पन्नास जणांना पत्र गेले की ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना दोन दिवसांनी फोन करा. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच पाठवता येते. पंचाहत्तरीला तेवढे पुरे.

‘व्हॉट्सअ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला?’ असे कोणी म्हणेल. तिथेही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा आहे. ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ब्रॉडकास्ट यादी केली तर दिसत नाही, म्हणजे तीच तिथली बीसीसी. पण ब्रॉडकास्टचा निरोप ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोचतो. दुबईच्या भाच्याने तुमचा नंबर जतन केला आहे का, हे तुम्हाला कुठून कळणार?

एवढे पत्ते लपवायचे कशासाठी, असे अजूनही काहींना वाटत असेल. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर दहा जणांची नावे, गावे आणि आता मोबाइल नंबरही छापतात. त्यात काही लपवण्यासारखे कोणाला वाटत नाही. चालू शतकाच्या पहिल्या दशकात सायबर कॅफेत बसून याहू आणि रेडिफवर सुविचार, देवांची चित्रे आणि ‘दहा जणांना पाठवा नाहीतर’ अशी धमकीची पत्रे पुढे ढकलण्याची जी लाट होती, तिच्यात प्रत्येक पत्राच्या डोक्यावर मागच्या शंभर-दोनशे जणांचे पत्ते चिकटलेले असत. त्यातले बरेचसे जाहिरातवाल्यांच्या हाती आयते पडले. तोही त्रासच, पण निभावून नेण्यासारखा.

काही वेळा मात्र नुसता पत्ता म्हणजेच सगळी बातमी असते. लंडनमध्ये सोहो भागात ‘छपन्न डीन स्ट्रीट’ नावाचे लैंगिक आरोग्याचे दवाखाना-केंद्र आहे. सप्टेंबर २०१५मध्ये तिथून एक माहितीपत्रक ७८१ जणांना गेले. ते घेणारे बहुतेक एचआयव्हीग्रस्त होते. पत्ते बीसीसीमध्ये घालायचे ते टूमध्ये पडले. पत्रात कोणाच्या आजाराबद्दल अक्षर नव्हते. पण यादीत नाव असणे हेच पुरेसे होते आणि पुष्कळांच्या ई-मेल पत्त्यात त्यांचे पूर्ण नाव होते. आपला शेजारी, आपला सहकारी, सगळे एकमेकांना दिसले. माहितीच्या संरक्षणासाठी तिथे जे आयुक्त-कार्यालय आहे, त्याने २०१६ साली त्या संस्थेला १,८०,००० पौंड दंड केला.

त्याहून भयंकर प्रकार २०२१चा. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती गेले. ब्रिटिश सैन्यासाठी काम केलेले अनेक अफगाण, दुभाषे वगैरे, तिथेच अडकले होते आणि लपून राहत होते. त्यांना बाहेर काढण्याचे काम पाहणाऱ्या ब्रिटिश संरक्षण खात्याच्या चमूने २० सप्टेंबरला २४५ जणांना एक ई-मेल धाडला. सगळे पत्ते टूमध्ये. पंचावन्न जणांच्या पत्त्याला त्यांचे छायाचित्रही लागलेले होते. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केले आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत ते लिहिले. ते सगळ्या २४५ जणांना गेले. ती यादी तालिबानच्या हाती पडली असती तर काय झाले असते, याची कल्पना करायला फार लांब जावे लागत नाही. संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी संसदेत माफी मागितली. चौकशीत त्याच महिन्यातले आणखी दोन तसेच प्रकार निघाले आणि डिसेंबर २०२३मध्ये खात्याला ३,५०,००० पौंड दंड झाला. माणूस कोणी दुष्ट नव्हता. एका खान्याऐवजी दुसऱ्या खान्यात पत्ते गेले, बस्स.

हे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नका. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो, ओळख पटेल असे काही न सांगता. लग्न मोडले. सासरचा त्रास फार होता, तेव्हा तिने गाव बदलले, नंबर बदलला, ई-मेलही नवा घेतला आणि तो फार थोड्या मैत्रिणींना दिला. त्यांतल्या एकीने तिच्या भल्यासाठीच तिचे नाव माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या यादीत घातले. आमंत्रण निघाले ते सव्वाशे पत्ते टूमध्ये घेऊन. त्या सव्वाशेत पूर्वीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ होता. आठवड्याच्या आत तिला धमक्यांची पत्रे येऊ लागली. मेळावा छान झाला म्हणे. ती आली नाही. आयोजकांपैकी कोणालाही आजपर्यंत हे माहीत नसेल, कारण असली तक्रार कोणी करत नाही. माणूस मुकाट्याने पुन्हा पत्ता बदलतो.

आपल्याकडे २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. घरगुती कामासाठी एखाद्याने पत्ते वापरले तर तो कायदा लागू होत नाही. तेव्हा पंचाहत्तरीच्या आमंत्रणाला कोणी दंड करणार नाही. पण शाळा, पतसंस्था, दवाखाने आणि मंडळे यांनी आता ‘आपल्याच माणसांची यादी आहे’ असे म्हणून भागणार नाही. आणि खरोखर नाजूक माहिती असेल तिथे बीसीसीवरही विसंबू नये, हे ब्रिटनच्या त्या आयुक्त-कार्यालयाचेही सांगणे आहे. खान्याची चूक पुन्हा होऊ शकते. त्या कामासाठी प्रत्येकाला वेगळे पत्र पाठवणाऱ्या सोयी मिळतात, त्या वापराव्यात.

तर भगिनींच्या सोप्या प्रश्नाचे उत्तर: होय, सगळ्या सत्तर जणांना बीसीसीमध्येच घाला. त्यात एक वरकड फायदाही आहे. आपल्याकडे यादीत नाव कितवे, यावरून रुसवे होतात. थोरल्या आत्याच्या आधी धाकट्या मामांचे नाव का, व्याह्यांचे शेवटी का, आणि कन्नड घर असेल तर बीगरूंचा मान पहिला की दोड्डप्पांचा. पडद्याआड सगळेच पहिले! पत्र मात्र दोन केले जाते ते करू नका, म्हणजे मराठी नातलगांना मराठी आणि कन्नड नातलगांना कन्नड. एकाच पत्रात दोन्ही लिपींत लिहा. ज्याला जे वाचता येते ते तो वाचेल आणि नातवंडे उरलेले वाचून दाखवतील. आणि पत्रात एक ओळ घाला, की हे आमंत्रण आपल्या सगळ्या आप्तेष्टांना एकत्र धाडले आहे. पत्ते लपवले तरी पत्र पुष्कळांना गेले आहे हे लपवू नये.

त्या ओळीपाशीच दुसरा प्रश्न येतो, दोन भावांचा. इथे मी थोडा कडक होणार आहे. बीसीसीचे दोन उपयोग आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. एकात आपण बरोबरीच्या माणसांचे पत्ते एकमेकांपासून राखतो. त्यात फसवणूक नाही, कारण प्रत्येकाला ठाऊक असते की आपण अनेकांतले एक आहोत. दुसऱ्यात आपण एकाशी बोलत असतो आणि तिसऱ्याला दाराआड ऐकायला उभे करतो. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो, कन्नडातही ‘गोडेगू किवी’ म्हणतात. पण ते कान आपण स्वतः बसवले तर ते घर कसले?

कचेऱ्यांत हा दुसरा उपयोग सर्रास चालतो. सहकाऱ्याला गोड शब्दांत स्मरणपत्र लिहायचे आणि वरिष्ठांना बीसीसी टाकायची. ‘पाहा सर, मी तर सांगितले होते’ हे न बोलता सिद्ध व्हावे म्हणून. वरिष्ठांना कळायला हवे असेल तर सीसीमध्ये घाला. समोरच्यालाही कळेल आणि तो जपून उत्तर देईल. ते लिहायचे धाडस होत नसेल, तर पाठवलेले पत्र नंतर वरिष्ठांना वेगळे पुढे धाडा. त्यातही आडपडदा आहेच, पण निदान ते तुमचे नि त्यांचे आपसातले बोलणे राहते. याला एक अपवाद मी मानतो. कोणी आपली ओळख करून देऊन आपल्याला तिसऱ्याशी जोडून दिले, की उत्तर देताना त्या जोडून देणाऱ्याला बीसीसीमध्ये हलवतात आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत तसे लिहून आभार मानतात. त्याला आपले पत्र सुरू झाल्याचे कळते आणि पुढची सतरा उत्तरे त्याच्या माथी येत नाहीत. उघड सांगितलेली बीसीसी ही रीतीला धरून आहे.

भावांचे पत्र पहिल्या प्रकारात मोडते, तोवर ठीक. पण ‘एकमेकांची नावे दिसू नयेत म्हणजे दोघे येतील’ हा बेत दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. मांडवाच्या दारात दोघे समोरासमोर येणारच आहेत. तिथे बीसीसीचा खाना नसतो. आणि पंचाहत्तरीच्या माणसासमोर भावांनी आपल्याला फसवून बोलावल्याचे म्हणायचे, यापेक्षा एक जण न आलेला परवडला. म्हणून आमंत्रण बीसीसीने जाऊ द्या. पण त्याआधी दोघांकडे घरातल्या कोणीतरी जाऊन, ‘काका, त्यांनाही बोलावले आहे, अण्णांची इच्छा आहे,’ असे तोंडावर सांगावे. नेमके सासऱ्यांनीच गेले तर फारच चांगले. शेताची मोजणी होईल तेव्हा होईल.

राहिले पडद्याच्या भोकांविषयी. पहिले भोक तुमच्याच घरात आहे. तुमच्या ‘सेंट’ खणात जाऊन ते पत्र उघडले की बीसीसीतली सगळी नावे स्वच्छ दिसतात. घरातला संगणक सगळ्यांचा आणि खाते सतत उघडे, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. दुसरे, पत्र पुढे ढकलण्यावर कोणाचा हात नाही. बीसीसीने आलेले पत्र कोणीही कोणालाही ‘फॉरवर्ड’ करू शकतो, स्वतःच्या नावासकट.

तिसरे भोक सगळ्यांत मोठे आणि ते उत्तर देणाऱ्याच्या बोटाखाली असते. टू किंवा सीसीमधल्या कोणी ‘रिप्लाय ऑल’ केले, तर बीसीसीवाल्यांना ते जात नाही, कारण त्याच्या कागदावर ती नावेच नाहीत. सत्तर जणांना बीसीसीमध्ये घातले की ‘आम्ही येतोय’, ‘आम्हीपण’, ‘बस किती वाजता’ ही सत्तर उत्तरे सत्तर घरी जात नाहीत, तुमच्याकडेच येतात. पण बीसीसीत असलेल्यानेच ‘रिप्लाय ऑल’ केले, तर त्याचे उत्तर टू आणि सीसीतल्या सगळ्यांना जाते. आणि हा गृहस्थ पडद्याआड होता, हे सगळ्यांना कळते. आमंत्रणात टूमध्ये तुम्ही एकट्याच असाल तर त्याने काही बिघडत नाही. कचेरीच्या पत्रात मात्र नोकरीवर बेतू शकते.

तेव्हा आलेल्या पत्रात टू आणि सीसीमध्ये आपले नाव कुठेच दिसत नसेल, तर उत्तराला हात घालण्यापूर्वी थांबा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा बारीक बाण दाबला, की तपशिलात ‘बीसीसी’पुढे तुमचा पत्ता दिसेल. तो दिसला तर साधे ‘रिप्लाय’ दाबा, ज्याने पाठवले त्याच्यापुरते. काहीच लिहायचे नसेल तर फोन उचला.